चंद्राक्काची पितळी

कुत्री मला आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको. त्यांचा वास येतो, ती अंगावर उड्या मारतात, आणि मी शिकवायला लागले की नेमकी वर्गाच्या दारात येऊन खाजवत बसतात. चंद्राक्का जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी लोक म्हणतात, बाई, तुमचं नि अक्काचं एवढं सख्य, तुम्हालाही कुत्र्यांची माया असणारच. नाही बाबा. माया तिला होती. मी शेजारीण.

शेजारीण म्हणजे भिंतीला भिंत. कोल्हापुरात नाल्याच्या अंगाला आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी चंद्राक्काचं कांडप. वर पत्रा, खाली तिखट कुटायचं मशीन, दारात एक दगडी पायरी. उन्हाळा लागला की सगळी पेठ मिरच्यांच्या पिशव्या घेऊन तिथं उभी. वर्षाची चटणी करायची म्हणजे अक्काला चुकवून चालायचं नाही. दोन महिने अख्खी गल्ली शिंकत असायची, आणि ही बाई नाकाला पदरसुद्धा न लावता मशीनजवळ बसलेली. उंच, हाडापेरानं मोठी, काष्ट्याचं लुगडं, मोकळं कपाळ, आणि मनगटापर्यंत कायमचे लाल झालेले हात. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. त्याबद्दल ती बोलत नसे आणि मीही विचारलं नाही.

माहेर नृसिंहवाडीच्या पलीकडचं. तिकडं अर्धं बोलणं कन्नड. त्यामुळं धाकट्या भावाला तम्मा आणि धाकट्या बहिणीला तंगी म्हणायची सवय तिच्या जिभेवर राहिलेली. ती सवय तिनं कुत्र्यांवर काढली. गल्लीतला प्रत्येक कुत्रा तम्मा, प्रत्येक कुत्री तंगी. मी एकदा म्हटलं, "अक्का, एवढी जनावरं सांभाळतेस, एकेकाला नाव ठेव की. कोण कुठलं कळंल तरी."

"नाव ठिवलं की मानसं नावं ठेवत्यात," ती म्हणाली. "तम्मा म्हटलं की झालं. भावाला कोन काय म्हनतंय?"

म्हणणारे म्हणायचेच, पण तिच्या तोंडावर नाही. चटणी कुणाला नको होती?

सगळ्याच कुत्र्यांची तिला हौस होती असंही नाही. गोजिरवाण्या पिल्लाकडं ती ढुंकून बघायची नाही. "त्याला कोनबी उचलील," म्हणायची. तिला लागायचं ते गल्लीनं ओवाळून टाकलेलं. सायकलमागं धावतं म्हणून, पोरावर गुरगुरलं म्हणून, लाळ गळते म्हणून, नाहीतर नुसतंच एका जागी उभं राहून भिंतीकडं बघतं म्हणून. असलं एखादं दिसलं की कुणीतरी ओरडायचं, "पिसाळलं! पिसाळलं!" आमच्याकडं हा शब्द एकदा तोंडातून निघाला की विषय संपला. एरवी नळावर बाईच्या घागरीला हात न लावणारे गडी काठ्या घेऊन बाहेर पडायचे. कुत्र्याचं काय झालंय हे कुणी विचारायचं नाही. शब्द ऐकला, काठी उचलली.

मग चंद्राक्का मशीन बंद करायची. राखेनं हात घासायची, पितळीत पाणी घ्यायची आणि चालू लागायची. पितळी म्हणजे आपली जेवायची काठाची पसरट थाळी असते ना, ती. पिसाळलेलं कुत्रं पाणी पीत नाही हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगंल. मलाही तेच माहीत होतं, माझ्या आईलाही तेच माहीत होतं. अक्कानं त्या माहितीचा कायदा करून टाकला होता.

तिची रीत ठरलेली. कुत्र्याकडं बघायचं नाही. त्याच्या अंगाला पाठ करून, बाजूला उकिडवं बसायचं. पितळी काठीनं हळूच पुढं सरकवायची. आणि मग कुत्र्याशी नाही, माणसांशी बोलत राहायचं. "काय ओ पावणं, मिरची कुटाय आनली? लवंगी हाय का ब्याडगी?" तो बिचारा हातात काठी धरून मिरचीचं बोलायचा. एकदा मी म्हटलं, कुत्र्याकडं बघत का नाहीस? तर म्हणाली, "लाजतंय ते. तू जेवतानी कोन टक लावून बगिटलं तर तुला घास जाईल व्हय?"

मग लपलप आवाज यायचा. अक्का उठायची, कमरेवर हात ठेवायची आणि खणखणीत आवाजात ओरडायची, "पाणी प्यालं!"

संपलं. काठ्या खाली. काही जणांची तोंडं जरा पडायची, हेही खरं. आलेच होते एवढ्या लांब. पण अक्कानं पाणी प्यालं म्हटलं की त्या कुत्र्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. ते मग कांडपाच्या आसपास राहायचं. एक आंधळं होतं, एक तीन पायांचं, एक नुसतं भुंकायचं. उन्हाळ्यात तिखट उडायचं म्हणून सगळी लांब, कल्हईवाल्या बाबालालभाईंच्या दुकानाच्या सावलीत जाऊन पडायची.

हे बाबालालभाई म्हणजे समोरचे. त्यांची भट्टी, भाता, कल्हईचा वास, आणि पाच वेळचा नमाज. कुत्र्याची लाळ लागली तर त्यांना सगळं पुन्हा धुवावं लागायचं, म्हणून ते पायजमा वर धरून चालायचे आणि दिवसभर करवादायचे. अक्कानं एकदा ती पितळी कल्हईला त्यांच्यापुढं टाकली.

"ह्या भांड्यात कुत्रं तोंड घालतंय चंद्राबाई," बाबालालभाई म्हणाले. "मला नमाजाला जायचं असतंय."

"तुला कोन चाटाय सांगतंय? कल्हई कर."

"दुसरीकडं जा."

"दुसरीकडं जातो की. चटनीबी दुसरीकडंच कुटून आन मग."

आमच्याकडं बायकासुद्धा मी जातो, मी येतो असंच म्हणतात. शाळेत मी पोरींना ओरडून ओरडून दमले, जाते म्हण, येते म्हण. अक्कापुढं कोण ओरडणार? बाबालालभाईंनी चिमट्यानं पितळी उचलली, अशी कल्हई केली की तोंड दिसावं, आणि नंतर कोपरापर्यंत हात धुतले. दरवर्षी हेच भांडण, हीच कल्हई. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. पितळीला बोटही कधी लावलं नाही. चिमटाच.

कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचं एक सांगते. त्यानं आपल्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या एका तंगीच्या अंगावर उकळतं पाणी टाकलं. पाठीची कातडी निघाली. उन्हाळ्यात त्याची बायको मिरच्या घेऊन आली तेव्हा अक्का म्हणाली, "न्यायच्या परत. घरात खलबत्ता असंल की." बायको रडकुंडीला आली. मग दूधवाला स्वतः आला, मिशा खाली घालून. अक्कानं पितळी त्याच्या हातात दिली. "धर तिच्यापुढं. प्याली तर कुटतो." तंगी त्याला बघून पळाली ती नाल्यापार. तो बाबा रोज यायचा, पितळी धरून अक्काच्या पायरीवर बसायचा, अख्खी गल्ली बघायची. पोरं विचारायची, "मामा, कुत्रं कवा यायचं?" शेवटी एके दिवशी ती आली आणि प्याली. दूधवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. मला तरी ते तिखटामुळं वाटलं. त्याची मिरची त्याच दिवशी कुटली.

हसायचो आम्ही. पण एकदाच मला तिच्या पोटातलं कळलं. शाळेच्या भिंतीला एक पांढरं कुत्रं सापडलं. तोंडाला फेस, जबडा उघडा, आणि पाणी काही पिईना. पितळीत तोंड घालायचं नि मागं घ्यायचं. गडी म्हणाले, "अक्का, सरक आता. प्यालं न्हाय." अक्का सरकली नाही. हाताला पोत्याचं फडकं गुंडाळलं आणि सरळ त्याच्या तोंडात हात घातला. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा तिच्या हातात हाडाचा तुकडा होता, दाढांमध्ये आडवा बसलेला. कुत्रं पाणी पीत होतं.

घरी येताना ती म्हणाली, "आमच्या बाचं कुत्रं हुतं. असंच. पाणी पिईना. बानं फावड्याच्या दांड्यानं मारलं. पुरताना बगिटलं तर घशात हाड." थोडं चालून म्हणाली, "मी लहान हुतो. मीच वरडलोतो, पिसाळलं म्हनून."

एवढंच. परत तो विषय तिनं काढला नाही. "पाणी न्हाय प्यालं म्हंजे पिसाळलंच असं न्हाय," एवढं मात्र ती सगळ्यांना सांगायची. "पर प्यालं, तर मग ते चांगलंच." या दुसऱ्या वाक्यावर तिचं सगळं उभं होतं.

आता पुढचं सांगते. सांगताना मला काही होत नाही. तेव्हाही झालं नव्हतं.

हंगामाचे दिवस होते. दुपारी ओरडा झाला. तांबूस रंगाचं, ओळखीचं नसलेलं कुत्रं तालमीच्या बोळात शिरलं होतं. अक्का पितळी घेऊन गेली. मी शाळेतून येत होते, म्हणून बघायला मिळालं. सगळं नेहमीसारखं. पाठ केली, बसली, मिरचीचं बोलली. कुत्रं आलं. पाण्यात तोंड घातलं, लपलप केलं. "पाणी प्यालं!" अक्का ओरडली. काठ्या खाली. तिनं पितळी उचलायला हात घातला आणि कुत्रं चावलं. अंगठ्याच्या मुळाशी. चावलं आणि नाल्याकडं गेलं. पुन्हा कुणाला दिसलं नाही.

"माझीच घाई झाली," ती म्हणाली. "पितंय तवर भांडं वडाय नको हुतं." घरी येऊन तिनं जखमेत तिखट भरलं. आमच्याकडं कुत्रं चावलं की तिखटच भरतात, आणि तिखटाला तिच्याकडं काय तोटा.

बाबालालभाई रस्ता ओलांडून आले. "चंद्राबाई, दवाखान्यात चल. पोटात सुया घ्यायच्या."

"कशापायी? पाणी प्यालं की ते. सगळ्यांनी बगिटलंय."

मी भांडले. चांगली तावातावानं भांडले. म्हटलं, "अक्का, सुयांनी काय मरतेस काय? घेऊन टाक. बरं झालं तर झालं, नाहीतर तोटा काय?"

तिनं मला पायरीवर बसवलं. "बाई, तू शिकलेली हायस, जरा इच्यार कर. मी सुया घ्याय गेलो तर गल्ली काय म्हनंल? अक्काचाच पाण्यावर इस्वास न्हाय म्हनंल. मग उद्या पितळीकडं कोन बगंल? काठीच की मग. ते आंदळं, ते लंगडं, सगळी माझ्या एका शब्दावर हायत. शब्द गेला की ती गेली."

मला राग आला. भयंकर राग आला. जनावरासाठी जीव पणाला लावायचा हा कुठला शहाणपणा? मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती मात्र भिंतीवरून ओरडायची, "ए बाई, रागवलीस व्हय? चटनी न्हेली न्हायस अजून!" जखम भरली. हंगाम संपला. तिखटाचा खकाणा खाली बसला आणि कुत्री पुन्हा कांडपाच्या सावलीला आली. आम्ही विसरलो.

आषाढाच्या सुमाराला तिचा हात चुरचुरायला लागला. मग म्हणाली, वारं तोंडावर आलं की घसा आवळतो. चहा घेईना. बाबालालभाईंनी मला बोलावलं आणि नुसतं म्हणाले, "बाई, चहाचा कप हातात धरून खाली ठेवला तिनं. दोनदा."

दुपारची वेळ. अक्का आत भिंतीला टेकून बसलेली. आम्हा दोघांनाच आत घेऊन तिनं दार लावून घेतलं होतं. डोळे लाल, पण बोलणं सरळ.

"बाबालाल, पितळी भर. आन माझ्याम्होरं ठेव."

ते चिमटा शोधायला लागले नाहीत. हातानंच पितळी उचलली, माठातलं पाणी ओतलं, तिच्यापुढं ठेवली. आम्ही काय करतोय ते आम्हाला कळत होतं. बाबालालभाईंनी तोंड फिरवलं, दाराकडं. मीही फिरवलं. तिनंच शिकवलेलं होतं, बघायचं नाही.

मागून पितळीचा काठ जमिनीवर घासल्याचा आवाज आला. मग घशातून एक आवाज. पाणी सांडलं.

"प्यालं न्हाय, बाई," अक्का म्हणाली.

आयुष्यभर मी व्याकरण शिकवलं. प्याला, प्याली, प्यालं. तिनं स्वतःला जे लिंग लावलं ते ऐकून मी उभ्या जागी थिजले. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

"गल्लीत सांगू नका," ती म्हणाली. "कावीळ झाली म्हना."

रिक्षातून दवाखान्यात नेलं. तिथं मागं एक वेगळी खोली होती. तरुण डॉक्टर होते, बोलायला चांगले. मी त्यांना सगळं सांगितलं, वरून म्हटलं, "पण डॉक्टर, ते कुत्रं पाणी प्यालं होतं. मी स्वतः बघितलंय."

"प्यालं असेल," ते म्हणाले. "पिसाळलेलं कुत्रंही पाण्यात तोंड घालतं. पितंही. पाण्याची भीती माणसाला होते हो. कुत्र्याला नाही."

मी ते वाक्य घेऊन खोलीत गेले. अक्काला बांधलं होतं, पण तेवढ्यापुरती ती शुद्धीत होती. तिनं तेच विचारलं. "बाई, त्या तम्मानं तर पाणी प्यालं हुतं की. मग आसं कसं?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते आणि त्या दिवशी सुरुवात करायची ताकद नव्हती. "अक्का, कुत्रं पितं म्हणतात. पिसाळलं तरी पितं. माणूसच तेवढा पीत नाही."

ती छताकडं बघत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. एकेक कुत्रं, एकेक गल्ली, पितळीभोवती उभी राहिलेली पोरं.

"मग ती बाकीची?"

"ती चांगलीच होती. जगली की."

"पाण्यानं न्हवं," ती म्हणाली. "त्यांच्या नशिबानं." मग एकदम घाईनं म्हणाली, "कावीळ म्हनू नको. जा, खरं सांग. न्हायतर माझं बगून उद्या कोनाचं पोरगं भांडं घिऊन जाईल. जा आत्ता."

"आणि कुत्री?"

तिनं डोळे मिटले. "डाक्टरला इचार की कसं वळकायचं."

विचारलं. डॉक्टर म्हणाले, संशय आला तर लांबून कोंडून ठेवा, हात लावू नका, दहा दिवस बघा. पिसाळलेलं असेल तर तेवढ्यात आपणच मरतं. आणि चावलं तर तिखट नको, साबणानं धुवा आणि लगेच इथं या. तिला मी ते सांगितलं. "कोंडा म्हंजे," ती म्हणाली. "मारू नका. कोंडा. बाबालालला सांग."

मी गल्लीत आले आणि तिच्याच पायरीवर उभी राहून सांगितलं. अक्काला काय झालंय, पाण्याचं खरं काय, तिखटाचं खरं काय, सगळं. वर्गात बोलते तशा आवाजात. पुढं काय झालं ते तिला माहीत होतं तसंच झालं. माझं बोलणं संपायच्या आत गडी काठ्या आणायला गेले. तीन पायांचं त्यांच्या हाती लागलं, आणि एक भुंकणारं. बाकीची बाबालालभाईंनी दुकानात घेतली. ज्यांच्या सावलीलाही ते अंग चोरून जायचे, त्यांना मानगुटीला धरून एकेक आत टाकलं, फळ्या लावल्या आणि बाहेर ओट्यावर बसले.

"दहा दिवस," ते गड्यांना म्हणाले. "त्याच्यानंतर या. तोवर माझ्या अंगावरनं जावा." दूधवाला मिशा खाली घालून आला आणि त्यांच्या शेजारी बसला. दोघं मिळून बसले, मग कुणी पुढं आलं नाही. आतली सगळी जगली.

मी काही त्या ओट्यावर बसले नाही. घरी जाऊन भाकऱ्या केल्या. कशा केल्या आठवत नाही.

सकाळी शाळेआधी दवाखान्यात गेले. खिडकीच्या गजातूनच बघू दिलं. अक्का पार थकलेली, आवाज बसलेला, लाल हात चादरीवर. कोपऱ्यातल्या स्टुलावर पाण्याचा तांब्या होता. तिला त्रास होतो म्हणून नर्स तो उचलायला गेली. अक्कानं मान तिकडं केली नाही, पण तिला कळलं.

"ऱ्हाऊ दे तितंच," ती म्हणाली. "तम्मा आला तर पील."

नर्स तांब्या तसाच ठेवून बाहेर माझ्याजवळ आली. "तम्मा कोण हो? भाऊ का त्यांचा? बोलवून घ्या लवकर."

"व्हय," मी म्हटलं. "धाकटा."